मुलगा मिशनच्या तयारीत आणि घर स्थलांतराच्या: घरच्या बातम्या कोणी, केव्हा, किती सांगाव्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: येत्या काही महिन्यांत तुम्ही उभयता नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक होणार, त्याच सुमारास मुलगा द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या वतीने २४ महिन्यांच्या मिशनरी सेवेसाठी तिसऱ्याच देशात जाणार, आणि अशा तीन ठिकाणी विखुरलेल्या घरात बरीवाईट बातमी कोणी कोणाला सांगावी हे तुम्हाला सुचत नाही. आम्ही देश सोडला त्याच वर्षी आमचा धाकटाही मिशनला निघाला होता. आमच्या हातून झालेल्या चुकांसकट लिहिते.

नातेवाइकांच्या आधी एक बातमी तुमच्या बिशपांना किंवा शाखाध्यक्षांना, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखांना, द्यावी लागेल, ती तुमच्या स्वतःच्या स्थलांतराची. मुलाचा अर्ज तो राहतो तेथील बिशपांच्या आणि मग स्टेकच्या (अनेक मंडळ्यांच्या गटाच्या) अध्यक्षांच्या मुलाखतीनंतर पुढे जातो, सोबत वैद्यकीय आणि दातांच्या तपासणीचे अहवाल जोडावे लागतात; हे सगळे अर्धवट असताना घर हलणार असेल, तर अर्ज कोठून पुढे न्यायचा हे आधीच विचारून ठेवा. आणि दुसरे म्हणजे फोन क्रमांक. आमच्या मुलाच्या कागदांवर आपत्कालीन संपर्क म्हणून माझ्या यजमानांचा जुना क्रमांक होता. येथे येऊन नवे सिम घेतल्यावर आम्ही बँकेला कळवले, नणंदेला कळवले, इतकेच काय जुन्या शेजाऱ्यांनाही कळवले, आणि नेमका हा एक कागद राहून गेला. पुढे मुलाला तापामुळे दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हा मिशन कार्यालयाचे फोन दोन दिवस बंद क्रमांकावर जात राहिले आणि आम्हाला ते कळले बरे झाल्यावर त्याच्याच तोंडून. दोष सर्वस्वी आमचा होता.

मिशनचा ‘कॉल’, म्हणजे कोठे सेवेला जायचे हे सांगणारे नेमणूकपत्र, येईल त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. पूर्वी टपालाने जाड पाकीट येत असे, २०१८ च्या नोव्हेंबरपासून तो ऑनलाइन येतो, त्यामुळे सर्वांना व्हिडिओवर एकत्र बसवून उघडता येतो. फक्त आजी-आजोबांना कळल्याशिवाय कोणीही काही पोस्ट करायचे नाही, एवढे भाचेमंडळींना बजावून ठेवा. आमच्याकडे माझ्या आईला ही बातमी शेजारणीच्या मोबाइलवरून कळली आणि ती बरेच दिवस रुसून होती. जाण्याची तारीख, विमानाचे तपशील, राहण्याचा पत्ता उघड लिहू नये हे ओघानेच आले. काही देशांत शब्दही जपून वापरावे लागतात. रशियात जुलै २०१६ मध्ये धर्मप्रचारावर निर्बंध घालणारा कायदा आल्यापासून चर्चची तेथील मुले ‘स्वयंसेवक’ म्हणवली जातात. मुलाला कोठे पाठवतात त्यावर हे अवलंबून आहे, म्हणून नातेवाइकांनी काय लिहावे हे त्या मिशनच्या सूचना वाचूनच ठरवा.

आता दर आठवड्याच्या संपर्काविषयी. १५ फेब्रुवारी २०१९ पूर्वी मिशनरी मुले आठवड्याला ईमेल करत आणि घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, करत. त्या दिवशीच्या घोषणेपासून आठवड्याच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे स्वतःच्या कामांसाठी मोकळ्या ठेवलेल्या दिवशी, फोन, मेसेज किंवा व्हिडिओ कॉल करता येतो, मात्र पुढाकार मुलाने घ्यायचा असतो, वेळ दोघांनी मिळून ठरवायची असते आणि दर आठवड्याला व्हिडिओवर भेटलेच पाहिजे अशी अपेक्षा नसते. हे शेवटचे मला पचायला जड गेले. शिवाय घड्याळे बदलतात: उत्तर अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत ठरलेली वेळ एका तासाने चुकते. आम्ही एकदा तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसलो होतो.

एवढ्या थोड्या वेळात काय सांगायचे, यासाठी मी एक वही ठेवली. आठवडाभर जे घडेल ते तिच्यात टिपायचे आणि कॉलच्या आदल्या रात्री निम्मे खोडायचे. कोणाचे कोणाशी बिनसले, घरमालक काय म्हणाला, असल्या गोष्टी खोडल्या जात; लग्न ठरले, बाळ झाले, कोणी आजारी पडले, या राहत. आम्ही मुलगा मिशनला निघण्याच्या तीन महिने आधी येथे आलो आणि तो तोवर आजी-आजोबांकडे होता, त्यामुळे या पद्धतीची रंगीत तालीम आपोआपच झाली. तुम्हालाही असा काळ मिळाला, तर रोज फोन करण्याचा मोह आवरा.

वाईट बातमीबाबत मात्र माझे मत ठाम आहे. मुलगा प्रशिक्षण केंद्रात नवी भाषा शिकत असताना माझे सासरे न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्याचे चित्त विचलित होऊ नये म्हणून ‘सध्या त्याला काही कळवायचे नाही’ असे आम्ही मोठ्यांनी ठरवले. अकराव्या दिवशी पुतण्याने घरच्या ग्रुपवर पलंगावर बसलेल्या आजोबांचा फोटो टाकला. त्यांच्या खांद्यावर मुलाने जाताना मागे ठेवलेला निळा स्वेटर होता, आणि त्याची नजर आधी त्या स्वेटरवर गेली, मग पायाच्या पट्ट्यांवर. पुढच्या कॉलवर त्याने एकच विचारले, “आई, अजून काय काय सांगितलेलं नाहीस?” त्यानंतर कित्येक महिने मी “सगळे बरे आहेत” म्हटले की तो वडिलांना फोन द्यायला सांगत असे.

म्हणून निघण्यापूर्वीच मुलाला समोर बसवून विचारा: आजाराची बातमी त्याला लगेच हवी की तयारीच्या दिवशी, आणि घरात कोणी गेले तर त्याची स्वतःची इच्छा काय असेल. अशा वेळी बहुतेक मिशनरी सेवेतच राहतात, पण हे त्याच्याशी बोललेले असावे. वर्षभराने सासरे गेले तेव्हा आम्ही आधी मिशन अध्यक्षांना (त्या भागातील मिशनरींच्या प्रमुखांना) फोन केला, म्हणजे बातमी कानावर पडताना त्याचा जोडीदार, म्हणजे सोबतचा मिशनरी, शेजारी असेल आणि दिवसाचे काम बाजूला ठेवता येईल. मग आम्ही स्वतः त्याच्याशी बोललो. अंत्यविधी त्याने व्हिडिओवर पाहिला.

शेवटी, तुम्ही विचारलेली नाही पण सर्वांत निकडीची बातमी तुमच्या व्हिसाची आहे. अवलंबून अपत्याला वयाची मर्यादा असते: अमेरिकेत अविवाहित आणि २१ वर्षांखालील, कॅनडात २२ वर्षांखालील. एकोणिसाव्या वर्षी निघालेला मुलगा परत येतो तो एकविसाव्या वर्षी. वय कोणत्या तारखेचे धरतात यावर बरेच अवलंबून असते, आणि कायम वास्तव्याचा परवाना आधीच मिळाला असेल तर दीर्घ गैरहजेरीचे नियम लागतात. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस तेथे राहावे लागते, तर अमेरिकेबाहेर वर्षाहून अधिक राहायचे असल्यास निघण्यापूर्वीच पुनर्प्रवेशाच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. सेवा संपल्यावर तो कोणत्या देशात उतरणार हे यावरून ठरेल. तेव्हा इमिग्रेशन वकिलाकडे जाताना त्यालाही सोबत न्या, आणि सेवेला उपलब्ध असल्याची तारीख अर्जात भरण्यापूर्वी न्या.