दरीकडे तोंड असलेली पडवी: आधी वळचणीची उंची ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कोकणात देवरुखच्या बाजूला डोंगरउतारावर घर बांधताय, जोते झाले आहे. पश्चिमेला दरी दिसते म्हणून त्या बाजूला २४ फूट लांब, ८ फूट खोल पडवी हवी आहे. आराखड्यात तिच्यावर १० फूट उंचीवर सपाट स्लॅब दाखवला आहे आणि पावसाळ्यासाठी काचेची सरकती दारे. आई-वडील बारा महिने तिथेच राहणार. स्लॅब की पत्रा आणि काच कोणती, असे तुम्ही विचारले आहे.

संगमेश्वर-लांजा पट्ट्यात घरांची कामे बरीच वर्षे करतोय, त्या जोरावर सरळ सांगतो. स्लॅबही नको, काचही नको. उतरते छप्पर करा आणि त्याची वळचण, म्हणजे छपराची खालची कड, पडवीच्या जमिनीपासून ६ फुटांवर आणा. सहा फूट वाचून दचकू नका, डोके आपटत नाही. कसे ते पुढे सांगतो.

आपल्याकडे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, आणि पाऊसही त्याच्याबरोबरच. पावसाचा मध्यम थेंब सेकंदाला साधारण ६ ते ७ मीटर वेगाने खाली येतो. वारा ताशी २५ किलोमीटर असला, म्हणजे तोही सेकंदाला ७ मीटर झाला, तर थेंब ४५ अंशांत तिरका येतो. हे वादळ नव्हे, आषाढातला नेहमीचा दिवस. आता तुमचा आराखडा घ्या. स्लॅबची कड १० फुटांवर आणि खांबांच्या पुढे फूटभर आलेली. त्या कडेवरून ४५ अंशांत रेघ ओढली तर ती खांबापासून ९ फूट आत जमिनीला लागते. पडवी ८ फुटांची, म्हणजे पूर्ण पडवी भिजून पाणी घराच्या भिंतीवर. मग काच लावावीशी वाटणारच, त्यात तुमचे काही चुकत नाही. छप्पर उंच गेले की पुढचे सगळे खर्च आपोआप मागे लागतात.

वळचण ६ फुटांवर आणि खांबांच्या पुढे २ फूट बाहेर आणली, तर तीच रेघ खांबापासून ४ फुटांवर थांबते. आतले ४ फूट कोरडे राहतात. दोन खुर्च्या, एक छोटे टेबल, आईची भाजी निवडायची जागा, एवढे त्यात बसते. बाहेरचे ४ फूट जोराच्या सरीत भिजतील आणि तासाभरात वाळतील.

मापे अशी जुळतात. पडवी ८ फूट आणि बाहेरची झेप २ फूट मिळून १० फूट. उतार दोनास एक धरला, म्हणजे २ फूट पुढे गेल्यावर १ फूट खाली, तर १० फुटांत ५ फूट उतार होतो. भिंतीपाशी छप्पर ११ फुटांवर, खांबांच्या ओळीवर ७ फुटांवर आणि वळचणीला ६ फुटांवर. हा उतार साडेसव्वीस अंशांचा. मंगलोरी कौलाला यापेक्षा कमी उतार दिला की जोराच्या वाऱ्यात पाणी कौलांच्या सांध्यातून उलटे वर चढते. ही कौले या किनाऱ्यावर आली ती १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यापासून. त्याआधी नळीची कौले होती, गवताची छपरे होती. सामान बदलले, पण उताराला हात लावायची सोय या पावसाने कधी दिली नाही.

डोक्याचे म्हणाल तर माणूस ६ फुटांच्या रेषेखालून जातो तेव्हा तो पडवीच्या जमिनीवर नसतोच, पायऱ्यांवर असतो. पायऱ्या झेपेच्या २ फुटांतून सुरू करून बाहेर न्या. वळचणीच्या बरोबर खाली पायरी फूट-दीड फूट खाली असते, म्हणून तिथे सात-साडेसात फूट मिळतात. खांबांच्या ओळीला ७ फूट आहेतच.

आणि दरी? खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे पावणेचार फुटांवर असतात आणि दरी खाली असते. भिंतीजवळ बसलात तरी वळचण डोळ्यांच्या वर सव्वादोन फूट राहते. दरी, समोरचा डोंगर आणि त्यावरची आभाळाची पट्टी दिसते. जाते ते डोक्यावरचे पांढरेफटक आभाळ, आणि ते मे महिन्यात डोळ्यांना नकोच असते. खांबांच्या मधे दीड फूट उंचीचा चिऱ्याचा कट्टा बांधा. तो बसायला होतो, खालून उडणारे शिंतोडे अडवतो आणि दृश्य झाकत नाही.

आता ऊन. इथे तुमच्या पश्चिमेच्या हट्टाला मला थोडा विरोध करायचा आहे. आपण १७ अक्षांशावर आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे झुकतो, माध्यान्ही साधारण ४९ अंशांवर. त्यामुळे दक्षिणेच्या पडवीत उन्हाळ्यात दुपारी ऊन येत नाही आणि थंडीत पाय शेकायला खांबाच्या आत तीन फुटांपर्यंत येते. छप्पर एकच, तरी दोन्ही ऋतू सांभाळते. पश्चिमेला हे जमत नाही. एप्रिलमध्ये साडेचार-पावणेपाचला सूर्य ३० अंशांच्या आसपास असतो आणि ६ फुटांच्या वळचणीखालूनही ऊन थेट भिंतीपर्यंत पोचते. म्हणजे ऐन चहाच्या वेळी पडवी निरुपयोगी. छपराने हे थांबत नाही, त्याला उभा आडोसाच लागतो.

म्हणून माझी विनंती आहे की पडवी नैर्ऋत्य कोपऱ्यावर वळवून दक्षिणेलाही १०-१२ फूट न्या. दरी त्या कोपऱ्यातून दिसतेच. आई-वडिलांची सकाळची बैठक दक्षिणेच्या भागात राहील, पश्चिमेला संध्याकाळी ऊन उतरल्यावर बसता येईल. जागा नसेल तर पश्चिमेची पडवी २४ ची १८ करा, पण दक्षिणेला थोडी तरी न्या. म्हाताऱ्या माणसांना जानेवारीतल्या सकाळी उन्हाची जागा लागते, आणि डोंगराकडची सकाळ किती गार असते हे तुम्ही तिथे राहायला गेलात की कळेलच.

उभ्या आडोशाला आपल्याकडे उत्तर जुने आहे. पावसाळ्यापूर्वी पडवीला झडी, म्हणजे आडोशाचे पडदे, बांधायच्या, दसरा-दिवाळीला सोडायच्या. पूर्वी त्या माडाच्या चुडतांच्या असत. आता बांबूच्या चिका किंवा शेडनेट लावा. ताडपत्री मात्र लावू नका. ती वारा अजिबात जाऊ देत नाही, शिडासारखी फुगते आणि खांबांना हिसके देते. जाळीतून वारा गाळून येतो, थेंब फुटून तुषार होतात आणि हवा खेळती राहते. बांधकाम चालू असतानाच तुळईला आणि कट्ट्याला गंजणार नाहीत असे कड्यांचे बोल्ट बसवून घ्या. नंतर भोके पाडत बसलात की तिथूनच ओल शिरते. आणि ऑक्टोबर विसरू नका. परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत सह्याद्रीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. तेव्हा हीच पश्चिमेची पडवी घरातली सगळ्यात कोरडी जागा असते.

काचेबद्दल माझे मत पक्के आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवा पाण्याने भरलेली असते. अशात पडवी काचेने बंद केली की ओले कपडे, ओल्या छत्र्या आणि पायपुसणी यांची वाफ आतच राहते. गाद्यांना, चपलांना, लाकडाला बुरशी येते. मेमध्ये तीच काच पश्चिमेचे ऊन आत घेते आणि उष्णता बाहेर सोडत नाही. सरकत्या दारांचे खालचे रूळ लाल मातीने भरतात ते वेगळेच. तो पैसा छपरात घाला.

छपराचे सामान निवडताना मी आधी माकडांचा विचार करतो. तुमच्या वाडीत वानरांचा वावर असेल तर नुसती कौले टिकत नाहीत. लोकांनी कौले काढून पत्रे टाकले त्याचे मोठे कारण हेच आहे. पण नुसता पत्रा एप्रिल-मेमध्ये डोक्यावर तापतो आणि पावसात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही. मी सुचवेन खाली रंगीत पत्रा आणि वर मंगलोरी कौले. कौल फुटले तरी घर गळत नाही, आणि दोघांमधल्या हवेमुळे उष्णता खाली कमी येते. यात एकच जागा सांभाळायची. कौलांच्या आडव्या रिपा, म्हणजे कौले ज्यांवर बसतात त्या पट्ट्या, थेट पत्र्यावर ठोकल्या तर कौलाखाली गेलेले पाणी रिपेपाशी अडते आणि स्क्रूच्या भोकांतून आत येते. आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, मग त्यांवर आडव्या रिपा. फॅब्रिकेटर कंटाळा करतात, तिथे उभे राहून करून घ्या. वजनही लक्षात ठेवा. कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला साधारण १५ लागतात. तुमच्या २४ फुटांच्या छपराला पावणेचारशेच्या आसपास कौले, म्हणजे जवळजवळ टनभर वजन. भिजल्यावर आणखी थोडे. वासे आणि तुळई त्या हिशेबाने हवेत. पडवीमुळे आतली खोली अंधारते, म्हणून प्रत्येक खिडकीसमोर एकदोन काचेची कौले घाला आणि त्यांच्या बरोबर खालच्या पत्र्याच्या जागी पारदर्शक पट्टी. एवढी काच मला चालते.

पडवीचे छप्पर घराच्या छपराला सलग जोडू नका. मुख्य पाख्याची वळचण वर ठेवून तिच्याखाली पडवीचे छप्पर सुरू करा, मधे सहा-नऊ इंचांची फट जाळी लावून मोकळी. गरम हवा तिथून निघून जाते, आणि भिंत व छपराचा सांधा, जो नेहमी गळतो, तो वरच्या वळचणीखाली झाकला जातो. दुसरे कारण वाऱ्याचे. पडवी तीन बाजूंनी उघडी, त्यात तुमचे घर दरीच्या काठावर. वारा उतारावरून वर चढतो, छपराखाली शिरून ते उचलतो आणि त्याच वेळी वरून ओढतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे उडाले. छपरे वेगळी असतील तर एक गेले तरी दुसरे राहते. खांब पायातल्या काँक्रीटला बोल्टने बांधा, तुळई खांबाला पट्टीने, वासा तुळईला पट्टीने. नुसते खिळे नकोत. वळचणीच्या शेवटच्या दोन ओळींची कौले तारेने रिपेला बांधा.

खांब लाकडी करणार असाल तर खांबाखाली दगडी तळखडा (बैठकीचा दगड) हवा, लाकूड जमिनीपासून ९ इंच तरी वर. लोखंडी पाइप घेतलात तर गॅल्व्हनाइज्ड घ्या, आणि तळाची प्लेट फरशीच्या वर दिसती ठेवा. फरशीत गाडलेला पाइप आतून गंजत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही.

पाण्याचा हिशेब एकदा करून बघा. मुख्य घराचे पश्चिमेचे पाखे आणि पडवी मिळून ५० चौरस मीटर धरा. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर अडीच हजार लिटर पाणी त्या एका वळचणीवरून खाली येते. मी लांब बाजूला पन्हळ लावत नाही, पानांनी तुंबते आणि पाणी आतल्या बाजूला सांडते. पागोळ्या पडतात त्या रेषेवर अडीच फूट रुंद चर खणून खाली उतार द्या आणि वर दगडगोटे भरा. मातीचे शिंतोडे उडत नाहीत, जोत्याला लाल डाग पडत नाहीत. पन्हळ फक्त पायऱ्यांच्या वर, चार-पाच फुटांची.

पडवीची जमीन घराच्या जमिनीपेक्षा सहा इंच खाली ठेवा, बाहेरच्या बाजूला ८ फुटांत दीड-दोन इंच उतार द्या. चकचकीत फरशी अजिबात नको. पावसाच्या तोंडावर दमट हवेत ती घामेजते आणि वडीलधारी माणसे तिथेच घसरतात. खरखरीत कोटा किंवा शहाबादी घाला. सहा इंचांच्या पायरीला एका बाजूने आधाराची दांडी लावा.

झोपाळा हवाच असणार. तो वाशांना टांगू नका, त्याच्यासाठी भिंत ते खांब अशी स्वतंत्र तुळई घाला आणि झोपाळा पडवीच्या लांबीच्या दिशेने झुलेल असा ठेवा. ८ फुटांच्या खोलीत आडवा झुलला तर एकीकडे भिंत, दुसरीकडे कट्टा.

विजेचे बोर्ड घराच्या भिंतीवरच, कोरड्या ४ फुटांत, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. खांबांवर प्लग नकोत. झेपेसह छप्पर हद्दीच्या सोडायच्या अंतरात येते का हे मंजुरीच्या नकाशावर आताच तपासा, दक्षिणेला वळवताना विशेष.

आर्किटेक्टकडे पडवीचा उभा छेद मागा, वरून काढलेल्या नकाशात यातले काहीच कळत नाही. आणि तो येईपर्यंत जोत्यावर एक काम करून बघा. खांबांच्या ओळीपासून दोन फूट बाहेर दोन बांबू पुरा, पडवीची जमीन येईल त्या पातळीपासून ६ फुटांवर दोरी ताणा, आई-वडिलांना आत खुर्च्या टाकून बसवा. संध्याकाळी पाचला बसवा, म्हणजे दरीही दिसेल आणि पश्चिमेचे ऊन कुठवर येते तेही. मग दोरी १० फुटांवर चढवून पुन्हा बघा, आणि काय ठरले ते कळवा.