डोळ्याच्या मेलानोमात डोळा काढावाच लागतो का? नवीन संशोधन काय म्हणतं?

नाही. मेलानोमा म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर. डोळ्यातली त्याची गाठ मध्यम आकाराची असेल तर डोळा काढावाच लागत नाही, आणि डोळा काढला म्हणून माणूस जास्त जगतो असंही नाही. हे दुसरं मी वर्षभर माझ्या थोरल्या भावाला सांगतेय, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

आमचे अण्णा घड्याळजी. पन्नास वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून बसले. २०२१ च्या दिवाळीनंतर म्हणायला लागले, घड्याळ उघडलं की एका कोपऱ्यात सावली येते. चष्मेवाल्याने दोनदा नंबर बदलून दिला. मोतीबिंदू असेल म्हणून आम्हीही गप्प. शेवटी रेटिनाच्या डॉक्टरांनी थेंब घालून बघितलं, डोळ्याची सोनोग्राफी केली आणि पडद्यामागच्या थरात गाठ निघाली. नातेवाइकांचं निदान तयारच होतं: भिंगामुळे झालं. भिंगाने असलं काही होत नाही! बहुतेक गाठींत जीएनएक्यू नाहीतर जीएनए११ या जनुकात बिघाड सापडतो, हे २००९-१० मध्येच कळलंय. त्वचेच्या मेलानोमातला बीआरएएफचा बिघाड इथे सहसा नसतो, त्यामुळे त्यावरच्या गोळ्याही इथे उपयोगाच्या नाहीत.

दादा म्हणाला, काढून टाका. किडका दात ठेवतो का आपण? अण्णा म्हणाले, दिसतंय तोवर राहू दे.

मग चकती बसवली. नाण्याहून लहान, वाटीसारखी खोलगट, चांदीची, आत रुथेनियम-१०६ हा किरण सोडणारा पदार्थ. अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनातून हे रुथेनियम वेगळं काढून ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा चकत्या इथेच बनवल्या आहेत. गाठीच्या जागी डोळ्याच्या गोळ्यावर, बाहेरून टाके घालून लावतात आणि काही दिवसांनी काढून घेतात. अण्णांनी विचारलं, घरी नेता येईल का? कारागीर माणूस.

गाठ आक्रसली. पण किरणांनी पडदाही हळूहळू खराब होतो. दीड वर्षात अण्णांनी भिंग डाव्या डोळ्याला लावलं. तिसऱ्या वर्षी लिव्हरमध्ये डाग दिसले. हा आजार पसरला तर बहुतेक वेळा तिथेच जातो.

तेराव्याला, भरल्या घरात, दादा म्हणाला, "तेव्हाच डोळा काढला असता तर माणूस राहिला असता."

दादा, हे वाच. अमेरिका-कॅनडात १९८७ ते १९९८ मध्ये १,३१७ रुग्ण घेतले. निम्म्यांचा डोळा काढला, निम्म्यांना चकती. कोणाला काय, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. १२ वर्षांनी चकतीवाल्यांपैकी ४३ टक्के गेलेले, डोळा काढलेल्यांपैकी ४१. म्हणजे फरक नाहीच. ज्यांच्यात पसरायचं असतं त्यांच्यात पेशी बहुधा निदानाआधीच निसटलेल्या असतात.

नवीन म्हणाल तर टेबेंटाफस्प हे औषध. पसरलेल्या आजारावर, दर आठवड्याला शिरेतून. ३७८ रुग्णांच्या चाचणीत वर्षभराने ७३ टक्के हयात होते, आधीची औषधं घेणाऱ्यांत ५९. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. पण ते फक्त एचएलए-ए ०२:०१ हा प्रकार असलेल्यांनाच चालतं (रक्तगटासारखाच, पण पेशींचा जन्मजात प्रकार). रक्ताच्या तपासणीत कळतं. अण्णांचा नव्हता.

तुमच्या घरात कोणाला असेल तर डोळ्यापेक्षा लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका. गाठीतल्या बीएपी१ या जनुकाची किंवा तिसऱ्या गुणसूत्राची तपासणी होते का, तेही विचारा. त्यावरून पसरण्याचा धोका कळतो. गाठ फार मोठी असेल किंवा डोळा फार दुखत असेल तर मात्र काढणंच बरं, तिथे माझं ऐकू नका. लहान मुलांचा रेटिनोब्लास्टोमा हा वेगळाच आजार, त्याला यातलं काही लावू नका.

आणि हो, त्या १,३१७ जणांच्या अभ्यासातली चकती आयोडीन-१२५ ची होती, रुथेनियमची नव्हे. हे दादाला मी अजून सांगितलेलं नाही.