कोपनहेगनला येण्याआधी: व्हॅट्स आणि सिम्युलेटर

तुम्ही विचारलंत, एमसीएच संपतंय, व्हॅट्स लोबेक्टमी (छोट्या छेदांतून, कॅमेऱ्याच्या मदतीने फुप्फुसाचा एक लोब म्हणजे भाग काढणं) शिकायला कोपनहेगनला यायचंय, पण सिम्युलेटरवरचे, म्हणजे ऑपरेशनचा आभासी सराव देणाऱ्या मशीनवरचे तास वाया तर जाणार नाहीत ना? नाही जाणार. फक्त सिम्युलेटरवर काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे निघण्याआधीच नीट समजून घ्या.

इथल्या रिग्सहॉस्पिटालेट या रुग्णालयाची पद्धत तीन छेदांची, आणि सगळं काम समोरून. मोठा छेद चौथ्या-पाचव्या बरगडीमध्ये, चारेक सेंटिमीटरचा, बरगड्या न फाकवता. उजवा वरचा लोब काढायचा तर कॅमेऱ्यासमोर आधी व्हेन येते, मग आर्टरी, मग ब्रॉंकस (श्वासनलिकेची फांदी). गोथेनबर्गच्या सर्जिकल सायन्स या कंपनीच्या लॅपसिम या सिम्युलेटरमध्ये याच ऑपरेशनचा सराव आहे. हा क्रम हातात मुरेपर्यंत तो पुन्हा पुन्हा करायचा. या विभागाशी जोडलेल्या केम्स या प्रशिक्षण केंद्रात भर असतो तो किती तास बसलात यावर नाही, तर ठरलेली पातळी गाठलीत की नाही यावर.

मी आले तेव्हा पुण्यात चार वर्षं छाती उघडून काम केलेलं होतं. तरी पहिल्याच आठवड्यात सिम्युलेटरवर स्टेपलर (रक्तवाहिनी बंद करून कापणारं उपकरण) तिरका घातला आणि पडद्यावर आर्टरी फाटली. तिथे पेशंट नव्हता, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. फुप्फुसाची आर्टरी फाटली की पहिलं काम म्हणजे स्पंज दाबून धरणं आणि थांबणं. घाईघाईने क्लिप मारायला जायचं नाही. हे थांबणं सरावानेच येतं.

मशीन जे शिकवत नाही ते तुमच्याकडे आधीच आहे. टीबीने छातीच्या भिंतीला चिकटलेलं फुप्फुस, आर्टरीला घट्ट धरून बसलेल्या कडक गाठी, आपल्याकडच्या सिव्हिलमध्ये रोज दिसणारी एम्पायमाची (छातीत साठलेल्या पूची) डिकॉर्टिकेशन, म्हणजे फुप्फुसावरचं जाड आवरण सोलून काढणं, यातलं काहीच पडद्यावरच्या स्वच्छ छातीत नसतं. म्हणून इकडे यायच्या घाईत या केसेस सोडू नका. डुकराच्या हृदय-फुप्फुसावर सराव मिळाला तर जरूर करा, पेशीजालाचा खरा स्पर्श तिथे कळतो. पण डावी बाजू घ्या. डुकरात उजव्या वरच्या लोबचा ब्रॉंकस थेट श्वासनलिकेतूनच फुटतो, माणसाशी जुळत नाही.

तोवर घरी साध्या बॉक्स ट्रेनरवर (आत उपकरणं घालून सराव करायच्या खोक्यावर) टाके घाला. ओटीत तिरपा, 30 अंशांचा स्कोप (कॅमेऱ्याची नळी) धरायची पाळी मागून घ्या. कॅमेरा धरणाऱ्याला सर्जनचं पुढचं पाऊल आधी कळावं लागतं.

डॅनिश आत्ताच सुरू करा. सहकारी इंग्रजी बोलतील, पेशंटची आजी बोलणार नाही. युरोपबाहेरच्या डॉक्टरला इथला परवाना हवा असेल तर भाषेची परीक्षा आहेच. परवान्याशिवाय येत असाल, तर फेलोशिप स्वीकारण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: सिम्युलेटरची पातळी गाठल्यावर पेशंटवर मला स्वतः काय करू देणार, की नुसतं बघायचं?