पत्ता मोम्बासाचा की शरणपूर रोडचा?

वाचकांचे प्रश्न : दत्तक आणि कुटुंब

या वेळी एकाच घरातून दोन पत्रे आली आहेत. एक मोम्बासाहून सुनेचे आणि दुसरे नाशिकहून सासूबाईंचे. लिहिताना दोघींनी एकमेकींना सांगितले नव्हते. आता दोघींची संमती घेऊन आणि नावे गाळून ती एकत्र छापत आहोत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही पती-पत्नी मूळचे नाशिकचे असून आमचे घर शरणपूर रोडवर आहे. गेली चार वर्षे आम्ही केनियात, मोम्बासापासून थोड्या अंतरावर, मंडळीने (चर्चने) चालवलेल्या एका शाळेत मिशनरी म्हणून काम करीत आहोत. कामाची मुदत संपायला अजून दोन वर्षे आहेत. आमच्या लग्नाला अकरा वर्षे झाली. पती ४५ वर्षांचे आहेत आणि मी ३९ वर्षांची. मूल होणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर आम्ही भारतातील बाळ दत्तक घेण्याचे ठरवले.

येथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मुलाचे नाव अमानी असेल तर ती 'मामा अमानी' होते. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. पहिल्या वर्षी हे ऐकून मला हसू येई, आता येत नाही. शाळेतल्या बायका मला 'मामा' एवढेच म्हणून थांबतात आणि पुढे नाव काय लावावे हे त्यांना कळत नाही. आमच्या वसतिगृहात पाच वर्षांचा एक अनाथ मुलगा आहे, त्याच्यावर आम्हा दोघांचा फार जीव आहे. तो आम्हाला दत्तक मिळू शकेल का? दुसरीकडे, आमच्या ओळखीच्या एका परिचारिकेने भारतातून निरोप पाठवला आहे की तिच्या रुग्णालयात एक अविवाहित मुलगी बाळंत होणार असून ती बाळ थेट आमच्याकडे द्यायला तयार आहे. ख्रिस्ती माणसांना दत्तकाचा कायदा नाही, तुम्हाला केवळ पालकत्व मिळेल, असेही एका नातेवाइकांनी ऐकवले. आमचे मानधन थोडे आहे, त्याचीही काळजी वाटते. शेवटचा प्रश्न असा की, अर्जात सासूबाईंच्या घराचा नाशिकचा पत्ता लिहिला तर काम लवकर होईल असे सगळे म्हणतात. तसे लिहावे का?

उत्तर : ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे तो तुम्ही सर्वांत शेवटी विचारला आहे, म्हणून आधी तोच घेते. नाशिकचा पत्ता लिहू नका. ते घर तुमचेच आहे हे मान्य, परंतु अर्जातील पत्ता म्हणजे मालकीचे घर नव्हे, तर बाळ ज्या घरात झोपणार, आजारी पडणार आणि मोठे होणार आहे ते घर. समाजकार्यकर्ती गृह-अध्ययनासाठी येते ती हेच घर पाहायला. ती शरणपूर रोडवर आली, तर तुम्ही दोघे तेथेच राहता असे सासूबाईंना तिच्या तोंडावर सांगावे लागेल, आणि बाळ आल्यावर होणाऱ्या प्रत्येक भेटीच्या वेळी तीच गोष्ट पुन्हा रचावी लागेल. चुकीच्या माहितीमुळे अर्ज बाद होऊ शकतो हे तर आहेच. पण मी अनेक वर्षे दत्तक-पूर्व समुपदेशन करते आणि मला अधिक खुपते ते हे की मूल मोठे झाल्यावर जी फाइल कधी तरी उघडून पाहील, तिच्या पहिल्याच पानावर खोटे लिहिलेले असेल.

शिवाय या खोटेपणाने मिळणार काय? तुम्हा दोघांकडे भारतीय पारपत्र असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी भारतीय आहात, आणि मूल सुचवण्याच्या क्रमात अनिवासी भारतीयांना भारतात राहणाऱ्या भारतीयांच्या बरोबरीचेच स्थान आहे. एखादे मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्यानंतरचे पहिले ६० दिवस या दोन्ही गटांसाठीच असतात. परदेशी दांपत्यांचा विचार त्यानंतर होतो. म्हणजे ज्या सवलतीसाठी पत्ता बदलायचा, ती तुम्हाला मोम्बासात बसूनही आहेच. फरक आहे तो वाटेचा. भारतात राहणारे दांपत्य केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या संकेतस्थळावर स्वतः नोंदणी करते. तुमची नोंदणी मात्र केनियातील अधिकृत दत्तक संस्था किंवा तेथील केंद्रीय प्राधिकरण यांच्यामार्फत व्हावी लागेल, आणि यांपैकी काहीच उपलब्ध नसेल तर नैरोबीतील भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधावा लागेल. तुमच्यासाठी यांपैकी कोणते दार उघडे आहे, हे 'कारा'ला लेखी विचारून घ्या आणि आलेले उत्तर जपून ठेवा.

आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार १९९३ चा आहे. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला आणि केनिया २००७ मध्ये त्यात सामील झाला. दोन्ही देश करारात असल्यामुळे तुमच्याकडून कागद जास्त मागितले जातील, परंतु त्याच कागदांमुळे बाळ पुढे दोन्हीकडे निर्विवादपणे तुमचे ठरेल. 'कारा'चे ना-हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक-आदेश, कराराच्या तेविसाव्या कलमानुसार मिळणारे अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक करारानुसार झाल्याचा दाखला) आणि त्यानंतर बाळाचे भारतीय पारपत्र असा सर्वसाधारण क्रम असतो. पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आहे. बाळ घेऊन तुम्ही केनियात पोहोचल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याचे अहवाल जातात. तुमच्या कामाची मुदत मध्येच संपून तुम्ही नाशिकला परतलात, तर ते आधी कळवा, म्हणजे पाठपुरावा तुमच्याबरोबर नाशिकला येईल.

आता 'परत आल्यावरच अर्ज करू' या विचाराविषयी. पत्रात तुम्ही तो स्पष्ट मांडलेला नाही, पण ओळींमधून तो डोकावतो आहे. तुमच्या दोघांच्या वयांची बेरीज आज ८४ आहे. २०२२ च्या दत्तक विनियमांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा ९०, चार ते आठ वर्षांसाठी १०० आणि त्यापुढे ११० आहे. हा हिशेब नोंदणीच्या तारखेला केला जातो आणि दर वर्षी बेरीज एकाने नव्हे, दोनाने वाढते. दोन वर्षे थांबलात तर ती ८८ होईल आणि तान्ह्या बाळाचा मार्ग बंद होईल. तीन वर्षांच्या मुलावर तुम्ही कमी माया कराल असे मला मुळीच म्हणायचे नाही, उलट थोड्या मोठ्या मुलांसाठी पुढे येणारी दांपत्ये मला अधिक हवी आहेत. तथापि तो निर्णय तुम्ही समजून घ्यावा, उशिरामुळे तो तुमच्यावर लादला जाऊ नये. नोंदणीनंतरची वाटही काही वर्षांची असते आणि गृह-अध्ययन अहवाल तीन वर्षांसाठीच ग्राह्य असतो, हेही लक्षात असू द्या.

परिचारिकेच्या निरोपाला आजच्या आज नकार कळवा. तिचा हेतू चांगलाही असेल, परंतु ठरलेली प्रक्रिया टाळून दत्तकासाठी मूल देणे आणि घेणे हे दोन्ही बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ८० व्या कलमाखाली गुन्हे असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यात पैसे फिरले तर प्रकरण बालकाच्या विक्रीचे होते आणि शिक्षा आणखी वाढते. त्या मुलीची बाजूही पाहा. बाल कल्याण समितीसमोर बाळाचा त्याग करणाऱ्या आईला पुनर्विचारासाठी दोन महिने मिळतात. बाळंतपणाच्या वेदनेत, घरच्यांच्या धाकात घेतलेला निर्णय दोन महिन्यांत बदलू शकतो, आणि बदलला तर तिचे बाळ तिला परत मिळते. तुमच्या हाती थेट बाळ आले असते, तर हे दोन महिने तुम्ही तिच्याकडून हिरावून घेतले असते. तिला मदतच करायची असेल तर परिचारिकेने समितीशी किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाशी संपर्क साधावा.

वसतिगृहातील मुलाविषयी माझे उत्तर तुम्हाला दुःख देईल. परदेशी नागरिकांना आपल्या देशातील मुले दत्तक देण्यावर केनियाने नोव्हेंबर २०१४ मध्ये बंदी घातली. त्यानंतरच्या कायद्याने आज नेमके काय शक्य आहे हे तेथील वकिलाला विचारा. पण त्याचे उत्तर हाती येईपर्यंत त्या मुलासमोर 'आई' आणि 'बाबा' हे शब्द उच्चारू नका. दोन वर्षांनी तुम्ही निघून आलात, तर त्याला एकदा गमावलेले दुसऱ्यांदा गमवावे लागेल.

ख्रिस्ती लोकांना दत्तक घेता येत नाही, हे तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे एके काळी खरे होते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी आहे. ख्रिस्ती, मुस्लीम आणि पारशी कुटुंबांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे आणि तेही मूल सज्ञान होईपर्यंतच. बाल न्याय कायद्याने ही अडचण दूर केली. शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येईल. २०१५ च्या अधिनियमात तर 'धर्म कोणताही असो' असे स्पष्टच म्हटले आहे.

मानधनाची फार चिंता करू नका. श्रीमंती पाहिली जात नाही, उत्पन्न नियमित आहे आणि त्यात मुलाचा सांभाळ होईल एवढेच पाहिले जाते. मिशनऱ्यांची अडचण वेगळीच असते. मानधन एका देशातून येते, निवास दुसरीकडे फुकट मिळतो, शाळेचा प्रवासखर्च तिसऱ्याच खात्यातून होतो आणि या सगळ्याचा एक कागद कोठेच नसतो. तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेकडून मानधन, निवास, वैद्यकीय खर्च आणि कामाची मुदत नमूद केलेले एकच पत्र घ्या. ठरलेल्या शुल्काखेरीज दत्तक संस्थेला देणगी मागता येत नाही. कोणी मागितल्यास 'कारा'ला कळवा.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. मिशनरी कुटुंबे आपल्या मंडळ्यांना प्रार्थनापत्रे पाठवतात. बाळ सुचवले गेल्यावर त्याचे छायाचित्र, नाव किंवा संस्थेचे नाव अशा पत्रात छापण्याचा मोह आवरा. संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई आहे. 'आमच्या बाळासाठी प्रार्थना करा' एवढे वाक्य पुरेसे आहे. देवाला छायाचित्र लागत नाही.

तुम्ही राहता तेथून फ्रीअर टाउन, म्हणजे मुक्त केलेल्या गुलामांची जुनी वसाहत, फार दूर नसेल. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले एकोणिसाव्या शतकात नाशिकच्या शरणपुरात वाढली, आणि १८७४-७५ च्या सुमारास त्यांच्यापैकी अनेक जण मोठेपणी मोम्बासाच्या त्या वसाहतीत गेले. शरणपुरात वाढलेल्यांतलाच जेकब वेनराइट हा मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत पोहोचला. तेथील केंगेलेनीची जुनी घंटा तुम्ही पाहिलीच असेल. त्या मुलांना अन्न, शाळा आणि नवी नावे मिळाली. कोणाचे मूल म्हणून मात्र त्यांची नोंद झाली नाही. तुमच्या बाळाला हाच समुद्र उलट्या बाजूने, पण आई-बापांची नावे लावून ओलांडायचा आहे, म्हणून मी कागदांचा एवढा आग्रह धरते.

प्रश्न : माझा मुलगा व सून परदेशात मिशनचे काम करतात. ते बाळ दत्तक घेणार आहेत. शेजारच्या बाई म्हणतात, येथील आधाराश्रमात जाऊन तुम्हीच एक बाळ पसंत करून ठेवा. हे घर माझ्या यजमानांनी बांधलेले आहे. त्यात त्या बाळाला हक्क राहील का? आणि बाप्तिस्मा नाशिकलाच व्हावा अशी माझी इच्छा आहे. मी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला आहे.

उत्तर : बाळ पसंत करता येत नाही. देशातील कोणतीही मान्यताप्राप्त संस्था असो, तेथील मुले नोंदणीच्या क्रमानेच सुचवली जातात. तेव्हा आधाराश्रमात अवश्य जा, पण तेथे काय कमी आहे ते विचारायला जा, बाळ पाहायला नको.

घराच्या हक्काबाबत बाल न्याय अधिनियमाचे ६३ वे कलम स्पष्ट आहे. आदेश लागू झाल्यापासून ते मूल तुमच्या मुलाला पोटी झालेल्या मुलासारखेच सर्व बाबतींत होते, मृत्युपत्राविना मिळणाऱ्या वारशासह. तुम्हाला ते घर नातवंडाच्या नावे करायचेच असेल, तर मृत्युपत्र करून ठेवणे हे कोणत्याही आजीसाठी शहाणपणाचेच आहे.

बाप्तिस्मा नाशिकला होऊ शकेल, मात्र दत्तक-आदेशानंतर. आदेशापूर्वी बाळ घरी आले तरी ते संगोपनासाठी सोपवलेले असते, कायद्याने तुमचे झालेले नसते. तेवढ्या काळासाठी चर्चच्या पाळकांनाही थांबायला सांगा. आदेश आणि पारपत्र यांच्या मधल्या दिवसांत तुमचा मुलगा व सून भारतातच असतील, तेव्हा मंडळीसमोर हा विधी करता येईल.

स्वेटर विणा, पण माप दोन वर्षांच्या मुलाचे घ्या. मोम्बासात लोकर लागत नाही. तो नाशिकच्या डिसेंबरसाठी ठेवा.