वाळूच्या टेकडीवरचा पतंग कोणत्याच ॲपला ओळखता आला नाही. ही नवी प्रजाती समजायची का? नाव मला देता येईल का?

तुम्ही लिहिलंय की शिरोड्याकडे समुद्राला लागून असलेल्या वाळूच्या टेकड्यांवर, मर्यादवेलीच्या पानावर एक फिकट, वाळूच्याच रंगाचा पतंग बसलेला दिसला आणि फोटो कुठेही टाकला तरी नाव सापडलं नाही. थोडक्यात सांगायचं तर, शक्यता आहे, पण फोटोवरून ते कुणीही सांगू शकणार नाही. मी पुण्यात पतंगांच्या वर्गीकरणाचंच काम करतो, म्हणजे बहुतेक वेळ टेबलाशी आणि सूक्ष्मदर्शकाशी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲपला नाव सापडलं नाही याचा अर्थ इतकाच, की ॲपला शिकवलेल्या फोटोंमध्ये तो नव्हता. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त प्रजातींची नोंद आहे आणि त्यातल्या कित्येकांचा जिवंतपणी कुणी धड फोटोही काढलेला नाही. नाव इंग्रजांच्या काळात मिळालं आणि नमुना लंडनच्या म्युझियममधल्या पेटीत गेला, एवढीच त्यांची हकिगत. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ हॅम्प्सन यांचे भारतीय पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले. आजही आमची शोधाशोध तिथूनच सुरू होते. नवं म्हणायचं, तर आधी जुन्यांपैकी कुणीच नाही हे दाखवावं लागतं. खरा वेळ त्यातच जातो.

त्यातून तुमचा पतंग वाळूतला. वाळूवर राहणारे, एकमेकांशी काडीचं नातं नसलेले पतंगही सारखेच मळकट पिवळे दिसतात, कारण पक्ष्यांच्या नजरेतून सुटायचं तर तोच रंग परवडतो. शिवाय वाऱ्याने उडणाऱ्या वाळूने पंखांवरचे खवले घासले जातात, त्यामुळे चार दिवसांचा म्हातारा पतंग आणि आज कोषातून निघालेला पतंग वेगळ्याच प्रजातीचे वाटू शकतात. टेकडीवर रंगावर विसंबणं म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत पांढऱ्या सदऱ्यावरून माणूस शोधणं.

मग बघायचं काय? पोट. पिनेला टोचलेल्या, वाळलेल्या पतंगाचं पोट चिमट्याने अलगद वर दाबलं की तुटून येतं. ते दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (तीव्र अल्कलीच्या) पाण्यात रात्रभर ठेवायचं, घाई असेल तर गरम करायचं. आतलं मांस विरघळतं, कायटिनचा, म्हणजे बाहेरच्या कडक कवचाचा, सांगाडा तेवढा उरतो. पाण्यात घेऊन बारीक ब्रशने खवले झाडले की नराचे जननभाग दिसू लागतात: दोन बाजूंना दोन पकडी, वर एक आकडा, मधे नळी. ती नळी वेगळी काढायची, पकडी उघडून सपाट करायच्या, रंग द्यायचा आणि स्लाइड करायची. पंखांवरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन पतंगांपैकी एकाच्या पकडीच्या टोकाला काटा असतो, दुसऱ्याच्या नसतो, आणि निकाल तिथे लागतो. मादीत आतल्या पिशवीवरचा खरखरीत ठिपका बघतात. स्लाइडचा नंबर त्याच पतंगाच्या पिनेवर लावायला विसरायचं नाही, नाहीतर दोन्ही कचऱ्यात.

डीएनए बारकोड, म्हणजे जनुकाच्या तुकड्यावरून प्रजाती ओळखणं, हल्ली करतातच. सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. उपयोग आहे, पण ज्या जुन्या नमुन्यांशी तुलना करायची त्यांचा बारकोड बऱ्याचदा नसतोच. म्हणून नुसत्या बारकोडवर जाहीर केलेल्या नव्या प्रजातींबद्दल मी जरा साशंक असतो.

एवढं करून वेगळेपण टिकलं, तर शोधनिबंध. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे नावाचा आधार म्हणून नमुना नेमावा लागतो, सहसा एकच, त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार हे लिहावं लागतं. आपल्याकडे जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करणं बंधनकारक आहे. पुण्यातून सोपं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं आकुर्डीचं केंद्र. नाव देतो तो निबंधाचा लेखक. स्वतःचं नाव द्यायला संहितेत सरळ बंदी नाही, पण कुणी देत नाही, हसतात लोक. तुम्ही शोधलात म्हणून लेखक तुमचं नाव देऊ शकतो, ती गोष्ट वेगळी. घाई मात्र नको: २०१२ सालच्या एका अभ्यासात नमुना हाती लागल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असं आढळलं होतं.

तरीही टेकड्या सोडू नका, कारण तिथे अजब प्राणी निघतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून १९७६ साली ‘अ‍ॅरेनिसिथ्रिस ब्रॅकिप्टेरिस’ नावाचा पतंग वर्णिला गेला. त्याच्या नराचे आणि मादीचे, दोघांचेही पंख इतके आखूड की उडता येत नाही, वाळूवर टुणटुण उड्या मारतो. त्याच्या अळ्या वाळूखाली रेशमी नळीत राहून गाडल्या गेलेल्या झाडाचे भाग खातात. रात्री दिवा लावून पतंग बोलवायला पांढरी चादर टांगतात, तिच्यावर असला प्राणी कधीच येणार नाही, गुडघ्यावर बसूनच शोधावा लागतो.

आणि दिवा लावणार असाल तर कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यापासून पिल्लं समुद्रात जाईपर्यंत मुळीच लावू नका. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं उजेडाकडे वळतात. जागा संरक्षित असेल तर वनखात्याची लेखी परवानगी हवीच.

तुमच्या जागी मी असतो तर दिव्यापेक्षा सुरवंट शोधला असता. त्याच मर्यादवेलीची कुरतडलेली पानं उलटून बघा. सापडला तर पानासकट डब्यात घाला, रोज ताजं पान द्या आणि तळाशी दोन-तीन बोटं वाळू ठेवा, कारण बरेच सुरवंट कोषासाठी वाळूत शिरतात. त्यातून निघणाऱ्या पतंगाचे खवले शाबूत असतात आणि तो काय खातो हेही पक्कं कळलेलं असतं. डब्यावर जागा आणि तारीख त्याच दिवशी लिहा, पेन्सिलने.