थकवा आणि केसगळतीसाठी स्वतःहून सप्लिमेंट घेत आहे. सगळ्या जीवनसत्त्वांचं तपासणी पॅकेज करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की थकवा जात नाही, केस गळतात, म्हणून बायोटिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व) आणि मल्टिव्हिटॅमिन सुरू केलंय. शिवाय ॲसिडिटीसाठी रोज ओमेप्राझोल आणि डोकं दुखलं की एखादी गोळी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माझं म्हणणं असं, की पॅकेजचा विचार नंतर करा. आधी पोटात काय काय जातंय ते सगळं एका कागदावर लिहा, कारण त्यातल्या काही गोष्टी रिपोर्टच बदलून टाकतात.

सर्वात आधी बायोटिन. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम पुरतं. केसांसाठीच्या गोळ्यांत बहुतेकदा 5 ते 10 मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. हॉर्मोनच्या कित्येक तपासण्यांची रसायनं बायोटिनच्याच आधारावर काम करतात, त्यामुळे रक्तात ते भरपूर असलं की मोजमाप बिघडतं. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हॉर्मोन) खोटा कमी आणि टी-3, टी-4 (थायरॉईडची स्वतःची हॉर्मोनं) खोटे जास्त दिसू शकतात. तुमची लक्षणं थायरॉईड मंदावल्याचीही असू शकतात, आणि रिपोर्ट मात्र नेमकं उलटं सांगेल! हृदयविकाराच्या झटक्याचं निदान करणारी ट्रोपोनिन तपासणीसुद्धा यामुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्था) 2017 मध्ये तसा इशारा दिला, आणि त्यात एका मृत्यूची नोंद होती. म्हणून रक्त देण्याआधी बायोटिन किती दिवस बंद ठेवायचं ते लॅबला विचारा. साधारण दोन-तीन दिवस सांगतात, डोस मोठा असेल तर जास्त.

दुसरं ओमेप्राझोल. ही गोळी वर्षानुवर्षे घेतली तर बी-12 कमी होऊ शकतं, कारण अन्नातलं बी-12 सुटं व्हायला पोटातलं आम्लच लागतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही असं होतं. थकव्याचं मूळ कदाचित इथेच असेल, डॉक्टरांना हे सांगाच. मल्टिव्हिटॅमिनमधल्या फॉलिक ॲसिडचाही एक धोका आहे. बी-12 कमी असताना ते भरपूर घेतलं तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

पॅकेज मी करणार नाही. नॉर्मल मर्यादा ठरवतानाच सुमारे 5 टक्के निरोगी माणसं त्याबाहेर राहतात. वीस तपासण्या केल्या की धडधाकट माणसाचाही एखादा आकडा ठळक छापून येतो, आणि मग त्यामागे धावाधाव. मॅग्नेशियमचं बघा ना, शरीरातल्या एकूण साठ्याच्या 1 टक्क्याहूनही कमी भाग रक्तात असतो. त्या आकड्यावरून साठ्याचा अंदाज काय लागणार? तुमच्या तक्रारींसाठी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), टीएसएच, बी-12 आणि साखर यांपासून सुरुवात पुरेशी वाटते, बाकी डॉक्टर तपासून ठरवतील. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन करू नका. त्या काळात ते वाढतं आणि लोहाची कमतरता लपते.

आणि फेरिटिन बघितल्याशिवाय लोहाच्या गोळ्या नकोत, कारण जादा लोह बाहेर टाकण्याची खास सोय शरीरात नाही. बी-6 दीर्घकाळ मोठ्या डोसमध्ये घेतलं तर हातापायांना बधिरपणा येतो. पुढे थायरॉईडची गोळी लागली, तर ती आणि लोह किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा.

डोकेदुखीची गोळी पॅरासिटामॉल असेल, तर सर्दीच्या औषधाच्या पाकिटावरचे घटक वाचा, त्यातही बहुधा तेच असतं. निरोगी प्रौढासाठी सगळं मिळून दिवसाला 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्यापलीकडे यकृताला धोका, आणि दारू घेणाऱ्यांनी किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी त्याच्याही बरंच अलीकडे थांबावं. आयबुप्रोफेन असेल आणि रक्तदाबाचं औषध चालू असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

काळी शौच, चालताना धाप, पायांत मुंग्या किंवा कारण नसताना वजन उतरणं यातलं काही असेल, तर रिपोर्टची वाट न बघता आधी डॉक्टरांकडे जा.