अमेरिकेत वर्गात न बसता केवळ परीक्षा देऊन कॉलेजची क्रेडिट मिळतात का?

आपली मुलगी भारतात बारावी वाणिज्य झाली असून आता कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात) प्रवेश घेत आहे, आणि येत असलेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजली जाणारी एकके, नुसती परीक्षा देऊन मिळेल का, असे आपण विचारले आहे. मिळते. मी स्वतः बी.कॉम. होऊन बऱ्याच वर्षांनी येथे पुन्हा कॉलेजात गेले, तेव्हा तीन विषय असे वर्गात न बसता, परीक्षा देऊन सोडवले. त्यांतील एकाचा मला काडीचाही उपयोग झाला नाही, आणि तो दोष सर्वस्वी माझा होता.

या परीक्षा दोन प्रकारच्या असतात. पहिली म्हणजे कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची क्लेप (CLEP). तिच्यात 34 विषय आहेत, बहुतेक पेपर 90 मिनिटांचे व वस्तुनिष्ठ प्रश्नांचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. गुण 20 ते 80 या पट्टीवर मिळतात व साधारणतः 50 ला उत्तीर्ण धरतात. (भाषांमध्ये फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश एवढ्याच आहेत, मराठीच्या जोरावर येथे काही पदरात पडणार नाही.) मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केल्यास परीक्षा शुल्काचे व्हाउचर मिळते, त्याचा लाभ अवश्य घ्यावा.

दुसरी म्हणजे कॉलेजातील विभागानेच घेतलेली चॅलेंज परीक्षा. ती कोणत्या विषयांत द्यायची हे कॉलेज ठरवते, आणि विद्यार्थी त्या कॉलेजात नाव नोंदवलेला असावा लागतो. उत्तीर्ण झाल्यास क्रेडिट परीक्षेने मिळाल्याची नोंद ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकावर, स्पष्टपणे होते.

मी फायनान्शियल अकाउंटिंगची परीक्षा या दुसऱ्या मार्गाने दिली. किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे सारे हाताखालून गेलेले असल्याने मी फारशी तयारी केली नव्हती, आणि तेथेच अडखळले. आपल्याकडे कंपनीच्या ताळेबंदात आधी भागभांडवल व देणी येतात; येथे आधी मालमत्ता, तीही रोख रकमेपासून सुरू करून, लिहितात. शेवटी आलेला माल आधी खपला असे धरून साठ्याचे मूल्य काढण्याची लिफो पद्धत आपल्या लेखामानकांत चालत नाही, येथे चालते, आणि तिच्यावर एक पूर्ण गणित होते. मला बी श्रेणी मिळाली. म्हणून मुलीला विषय येत असला तरी येथील पाठ्यपुस्तक एकदा शेवटपर्यंत वाचायला सांगावे.

वाया गेला तो मॅनेजमेंटचा क्लेप. मी उत्तीर्ण झाले, कॉलेजने तीन क्रेडिटही दिली, परंतु ती ऐच्छिक विषयाच्या रकान्यात. आणि माझ्या पदवीत ऐच्छिक विषयाला जागाच उरलेली नव्हती. परीक्षेपूर्वी सल्लागाराला मी ‘हे क्रेडिट मिळेल का?’ एवढेच विचारले होते. ‘माझ्या पदवीतील नेमक्या कोणत्या अटीची यामुळे पूर्तता होईल?’ असे विचारायला हवे होते, आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्यायला हवे होते.

कम्युनिटी कॉलेजातून पुढे विद्यापीठात जायचे असेल, तर हाच प्रश्न तेथेही विचारावा लागतो. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी क्लेपची क्रेडिट स्वीकारते. बर्कली, लॉस एंजेलिस ज्यात येतात ती युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया स्वीकारत नाही. मुलीचा डोळा बर्कलीवर असेल तर क्लेपच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे, असे मला वाटते. शिवाय ज्या विषयावर पुढचा विषय उभा आहे, उदाहरणार्थ कॅल्क्युलस, तो काठावर उत्तीर्ण होऊन सोडवू नये. त्यापेक्षा इतिहास किंवा समाजशास्त्र सोडवावे.

अनुत्तीर्ण झाल्यास तोच क्लेप पुन्हा देण्यासाठी तीन महिने थांबावे लागते, म्हणून सेमिस्टरची नोंदणी सुरू होण्याच्या बरीच आधीची तारीख घ्यावी. आणि मुलगी एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असेल, तर दर सेमिस्टरला किमान 12 युनिटचे (म्हणजे क्रेडिटचे) वर्ग तिला घ्यावेच लागतात. परीक्षेने मिळालेली क्रेडिट त्यांत धरली जात नाहीत.